सिंगापूरच्या तोफांची तोंडं खरंच उलटी होती का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगापूरला राहायला लागल्यापासून आमच्याकडं पाहुण्यांचा ओघ काही आटलेला नाही. सेंटोसा बेट प्रत्येकाच्या यादीत असतंच. मुलं वाळूत रमली की मोठ्यांपैकी कुणीतरी सिलोसो किल्ल्याची पाटी बघतं आणि मला विचारतं, "हीच ना ती उलट्या तोंडाच्या तोफांची जागा?" मग चहा गार होईपर्यंत मी बोलत राहतो. बायको म्हणाली, एकदाचं लिहूनच टाक, म्हणजे पुढच्या पाहुण्यांना विमानतळावरच देता येईल. म्हणून हे लिहिलंय.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं सिंगापूर पडलं, कारण तोफांची तोंडं समुद्राकडं होती आणि जपानी मागून, जमिनीच्या बाजूनं आले. एवढीच गोष्ट ना?

नाही. बहुतेक तोफा जमिनीकडंही वळत होत्या, वळवल्या गेल्या आणि डागल्याही गेल्या. तोंडं समुद्राकडं होती हे खरं, पण बंदराच्या रक्षणासाठी बसवलेल्या तोफांची तोंडं आणखी कुठं असणार? सिंधुदुर्गाच्या तटावरच्या तोफा मालवणच्या बाजारपेठेकडं रोखून ठेवल्या असत्या, तर आपण त्या किल्लेदाराला काय म्हटलं असतं? चूक होती ती गोळ्याची. ते पुढं सविस्तर येईलच.

मग ही गोष्ट आली कुठून?

पराभव फार मोठा होता. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरवर ब्रिटिशांच्या बाजूच्या ऐंशी हजारांहून अधिक सैनिकांनी हत्यारं खाली ठेवली, आणि समोरचं जपानी सैन्य त्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. असं झालं की लोकांना एका वाक्यात मावणारं कारण हवं असतं. 'तोफा उलट्या होत्या' हे कारण लहान मुलालाही कळतं. विमानं नव्हती, रणगाडे जवळपास नव्हते, वीस वर्षांचा आराखडाच कागदी होता, हे सांगायला अर्धा तास लागतो.

यात तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांचाही हात आहे. बेटाला जमिनीच्या बाजूनं तटबंदीच नाही, हे त्यांना जानेवारी १९४२ मध्ये, म्हणजे बेट पडायच्या महिनाभर आधी, त्या भागातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती जनरल वेव्हेल यांच्याकडून कळलं. युद्धानंतर त्यांनी लिहिलं की जहाज बुडाशिवाय पाण्यात सोडतील हे जसं मनात येत नाही, तसंच हेही कधी मनात आलं नव्हतं. वाक्य झकास आहे. पण एवढी वर्षं सरकारी कागद ज्यांच्या हाताखालून गेले त्यांनी ते म्हणावं, याची मला जरा गंमत वाटते. नाचता येईना अंगण वाकडं, तसं या तोफांचं झालं.

त्या नेमकं कुठल्या बंदराचं रक्षण करत होत्या?

दोन बंदरांचं. इथं बहुतेकांचा गोंधळ होतो.

एक केपेल बंदर, म्हणजे दक्षिणेचं व्यापारी बंदर. केबल कारमधून खाली कंटेनरचे ढीग दिसतात ना, त्याच बाजूला. दुसरं उत्तरेला सेंबावांगचा नाविक तळ, जोहोरच्या सामुद्रधुनीत आत दडलेला. हा तळ बांधायचं ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर ठरवलं. मधे सरकारं बदलली, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि अखेर फेब्रुवारी १९३८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. जपानशी युद्ध पेटलं तर विलायतेहून मोठं आरमार निघेल आणि या तळावर येऊन ठाकेल, अशी योजना. आरमार पोचेपर्यंत तळ राखायचा, ते काम तोफांचं.

हे 'पोचेपर्यंत' म्हणजे किती, याचा आकडा मात्र वाढतच गेला. सुरुवातीला ४२ दिवस म्हणत. मग ७० झाले. १९३९ साली १८० दिवसांवर गेले. युरोपात युद्ध पेटल्यावर आरमार निघणारच नाही हे उघड दिसत होतं, पण तोफा तोवर बसल्या होत्या.

एकूण किती तोफा होत्या?

मोठ्या तोफा २९. त्यांत १५ इंची पाच, ९.२ इंची सहा आणि ६ इंची अठरा. शत्रूच्या वेगवान मोटारबोटींवर मारा करायच्या लहान तोफा वेगळ्या.

त्यांच्या दोन फळ्या होत्या. पूर्वेची चांगी फळी नाविक तळाच्या तोंडाशी होती: जोहोर बॅटरीच्या तीन १५ इंची तोफा, तेकोंग बेटावर तीन ९.२ इंची, आणि आसपास ६ इंची. दक्षिणेची फेबर फळी केपेल बंदरावर: ब्यूना व्हिस्टाला दोन १५ इंची, आजच्या सेंटोसावर कॉनॉट बॅटरीच्या तीन ९.२ इंची, आणि सिलोसो, सेरापोंग, लॅब्राडोर वगैरे ठिकाणी ६ इंची. पश्चिमेला एका कोपऱ्यात पासिर लाबाची बॅटरी होती, जोडीला कुणी नाही. तिचं नाव लक्षात ठेवा.

'बॅटरी' म्हणजे एका हुकमाखाली चालणारा तोफांचा संच. आपल्याकडच्या जुन्या कागदांत तोफांचा 'मोर्चा' येतो, साधारण तसंच.

जोहोर बॅटरी सिंगापुरात, मग नाव जोहोरचं कसं?

खाडीपलीकडच्या जोहोरच्या सुलतानांनी १९३५ साली राजे पंचम जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पाच लाख पौंड दिले. त्यातला मोठा वाटा या तोफांवर खर्च झाला. पुढं याच तोफांनी जोहोर बाहरूवर, म्हणजे देणगीदाराच्याच राजधानीवर, गोळे टाकले.

१५ इंची म्हणजे केवढी?

पंधरा इंच हा नळीचा आतला व्यास, ३८ सेंटिमीटर. स्टीलचा मोठा डबा सहज आत जाईल. नळीची लांबी साडेसोळा मीटर, नुसत्या नळीचं वजन सुमारे शंभर टन. एक गोळा जवळपास ८८० किलोचा, म्हणजे छोट्या मोटारीएवढा, आणि तो तीस किलोमीटरच्या पलीकडं जायचा. ठाण्यातून डागला तर कुलाब्यापर्यंत पोचेल, एवढा पल्ला.

गेल्या मे महिन्यात नाशिकचे एक काका आले होते. साडेसोळा मीटर म्हटल्यावर ते थांबले, चप्पल नीट केली, आणि चांगीच्या त्या उन्हात गवतावर पावलं मोजत निघाले. एकवीस, बावीस. तिथं उभं राहून मागं वळून बघितलं आणि म्हणाले, "आणि ही वळायची?" वळायची. मोटर आणि दाबाखालच्या द्रवाच्या जोरावर आख्खं धूड फिरायचं. दारूगोळा जमिनीखालच्या कोठारांत असायचा आणि उचलयंत्रानं वर यायचा.

६ इंचीचा गोळा ४५ किलोचा, सिमेंटच्या पोत्याला जरा कमी. तो माणसं हातानं भरत. ९.२ इंचीचा पावणेदोनशे किलोच्या आसपास, तिथं यंत्राशिवाय भागत नाही.

आपल्या डोळ्यांसमोर जंजिऱ्याची कलाल बांगडी असते. तिच्यात आणि यांच्यात मूळ फरक भरण्याचा. कलाल बांगडी तोंडातून भरतात. या तोफा मागून भरत. मागचा भरभक्कम पोलादी दट्ट्या उघडायचा, गोळा सारायचा, मागोमाग रेशमी पिशव्यांतली दारू, आणि दट्ट्या फिरवून बंद. नळीच्या आतल्या पीळदार खाचांमुळं गोळा गिरक्या घेत सुटतो आणि सरळ जातो.

समुद्रातल्या चालत्या जहाजावर नेम कसा धरायचे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला हाच सगळ्यात आवडतो.

पहिली अडचण अंतराची. पाण्यावर ना झाड, ना मैलाचा दगड. यावर किनारी तोफखान्यानं काढलेली युक्ती शाळेतल्या त्रिकोणमितीची आहे. टेकडीवर दुर्बीण बसवायची. समुद्रसपाटीपासून ती किती उंचावर आहे हे पक्कं ठाऊक असतं. जहाज जिथं पाण्याला टेकतं त्या रेषेवर दुर्बीण झुकवायची. किती झुकली तो कोन, आणि उंची माहीत. अंतर आपोआप निघतं. लांबच्या जहाजासाठी दुर्बीण थोडी झुकते, जवळच्यासाठी जास्त.

पण समुद्रसपाटी रोज वरखाली होते. इथं भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटरनं हलतं. समजा दुर्बीण पाण्यापासून ६० मीटरवर धरली आहे आणि यंत्र जहाज सहा किलोमीटरवर असल्याचं सांगतंय. प्रत्यक्षात ओहोटी लागून पाणी दोन मीटर खाली गेलंय, म्हणजे खरी उंची ६२. मग जहाज सहा किलोमीटरवर नाही, सहा किलोमीटर दोनशे मीटरवर आहे. गोळा दोनशे मीटर अलीकडं पाण्यात. म्हणून प्रत्येक ठाण्यावर भरतीचा तक्ता असे आणि त्याप्रमाणं यंत्र जुळवत राहावं लागे. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथी बघून होडी काढणाऱ्याच्या अंगात हे गणित असतं.

हे झालं एका दुर्बिणीचं. लांब पल्ल्याला पृथ्वीची गोलाई आडवी येते, धुरकट हवा आडवी येते. मग किनाऱ्यावर दोन लांब-लांबची ठाणी एकाच वेळी जहाज हेरत आणि दोन्ही दिशा कागदावर आखून छेद काढत. शिवाय गोळा हवेत असताना जहाज पुढं सरकतं. १५ इंची गोळ्याला पूर्ण पल्ला गाठायला मिनिटभराहून जास्त लागे, आणि तेवढ्यात युद्धनौका अर्ध्या मैलाहून अधिक पुढं गेलेली असे. वारा, दारूचं तापमान, नळी किती झिजली आहे, हेही हिशोबात. एवढं सगळं जुळवून तोफेकडं फोनवरून दोन आकडे जात: किती वळायचं आणि किती उचलायचं. तोफेवरच्या माणसाला बहुतेक वेळा जहाज दिसतही नसे.

सगळी भानगड मी एवढी लांबवली, कारण पुढच्या लढाईची गोम यात आहे. ही आख्खी यंत्रणा पाण्यावर तरंगणाऱ्या, सपाटीला टेकलेल्या वस्तूसाठी बनली होती. रबराच्या मळ्यात लपलेल्या पायदळासाठी यातलं काहीच लागू पडत नाही.

जहाज आपलं की शत्रूचं, हे कसं ओळखायचे?

बंदरात येणारं प्रत्येक जहाज आधी ठरलेल्या जागी थांबवत. तपासणीची बोट जवळ जाऊन कागद बघे, खुणेचे बावटे बघे. त्यावर एक बॅटरी कायम नजर ठेवून असे. जहाज न थांबता पुढं सरकलं तर आधी एक गोळा त्याच्या पुढ्यात पाण्यात. आपल्या भाषेत, टोलनाक्यावर आडवा बांबू. रात्री शोधदिवे पाण्यावर झोत टाकत.

तोफा चालवणारे सगळे गोरे होते का? भारतीय कुणी?

भारतीय होते, आणि चांगल्या संख्येनं. रॉयल आर्टिलरीच्या ब्रिटिश तुकड्यांबरोबर 'हाँगकाँग अँड सिंगापूर रॉयल आर्टिलरी' नावाचं दल होतं. नावात हाँगकाँग आणि सिंगापूर असलं तरी भरती मुख्यतः पंजाबातली, शीख आणि पंजाबी मुसलमान. किनारी तोफा आणि विमानविरोधी तोफा, दोन्हींवर ही मंडळी होती.

जाता जाता: आपण क्रिकेटमध्ये ज्याला गोलंदाज म्हणतो, तो शब्द मुळात यांचा. गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. पेशव्यांच्या तोफखान्यातले गोलंदाज पगारपत्रकांत सापडतात. माझ्या भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे नो बॉल पण असायचा?" तर पुढचं उत्तर वाचा.

लढाईत त्या डागल्या गेल्या का?

हो. पण ज्यासाठी होत्या त्यावर नाही.

आधी थोडा क्रम. जपानी फौज ८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे मलायाच्या, म्हणजे सिंगापूरच्या उत्तरेच्या द्वीपकल्पाच्या, ईशान्य किनाऱ्यावर, कोटा बाहरूला उतरली. १० डिसेंबरला 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिशांच्या दोन मोठ्या युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. झालं, आरमाराचा विषय तिथंच संपला. तिथून जपानी सैन्य रस्त्यानं, बऱ्याच ठिकाणी चक्क सायकलींवर, दक्षिणेकडं आलं. ३१ जानेवारी १९४२ ला माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेच्या शेवटच्या तुकड्या बेटावर आल्या आणि जोहोरला जोडणारा बांध सुरुंगानं फोडला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जोहोर बॅटरीच्या तोफा उत्तरेकडं वळल्या. जोहोर बाहरू, तेंगाह, मग बुकित तिमाह असे गोळे पडत गेले. मिळून जवळपास दोनशे. कॉनॉटच्या ९.२ इंची तोफांनी सेंटोसावरून पश्चिमेकडं मारा केला. सिलोसो आणि लॅब्राडोरच्या तोफाही डागल्या गेल्या, त्यांतले काही गोळे आपल्याच तेलाच्या टाक्यांवर, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून.

८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी वायव्य किनाऱ्यावर, सारिंबूनच्या बाजूला उतरले. त्या भागाला सगळ्यात जवळची किनारी बॅटरी ती पासिर लाबाची, दोन ६ इंची तोफांची. तिचा मारा सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडासाठी बसवलेला. शत्रू उतरला तो वरच्या अंगाला, खारफुटीत, अंधारात. ती दुसऱ्या दिवशीच निकामी झाली.

ब्यूना व्हिस्टाच्या दोन १५ इंची तोफांचा या लढाईत काही उपयोग झाला नाही. त्यांच्या वळण्याला मर्यादा होती. उलट्या तोंडाच्या गोष्टीत सत्याचा कण शोधायचाच असेल, तर तो या दोन तोफांत सापडेल. २९ पैकी दोन.

'चूक गोळ्याची' म्हणजे काय?

जहाजाला जाड चिलखत असतं. ते फोडायला गोळा टणक, जड, टोकदार लागतो आणि आत जाऊन फुटावा म्हणून त्याचा चाप जरा उशिरा सुटतो. पोटात दारू वजनाच्या मानानं फार थोडी, कारण पोकळ गोळा चिलखतावर चिरडून जाईल. हा चिलखतभेदी गोळा.

तोच गोळा ओल्या मातीत टाकला तर काय होईल? खोल रुतेल, मग फुटेल, आणि स्फोटाचा बराचसा जोर जमीन गिळून टाकेल. मोठा खड्डा पडेल, आजूबाजूची माणसं हादरतील, पण फुटलेल्या लोखंडाच्या चिंध्या चौफेर उडून पायदळ कापलं जावं, ते होणार नाही. त्यासाठी पातळ कवचाचा, दारूनं ठासलेला, टेकताक्षणी फुटणारा गोळा लागतो. तसा गोळा १५ इंची तोफांकडं नव्हता. ९.२ आणि ६ इंचींकडं होता, पण मोजकाच.

शिवाय नेम सांगणारं कुणी नाही. गोळा कुठं पडला, शंभर मीटर डावीकडं की उजवीकडं, हे सांगायला पुढं निरीक्षक लागतो. रबराची झाडी, तुटलेल्या टेलिफोनच्या तारा, रोज मागं सरकणारी आघाडी. नकाशा बघून चौकोनात गोळा टाकायचा आणि देवावर भरवसा.

म्हणजे बघा, तोफ वळली, पल्ला पोचला, गोळा पडलाही. पण तो गोळा जहाजाचा होता.

मग सिंगापूर पडलं कशामुळं?

या पानाचा विषय तोफा आहे, म्हणून थोडक्यात. मलायासाठी ३३६ विमानं हवीत असं ठरलं होतं, होती १५८, आणि त्यांतली बरीच जुनाट. रणगाडे जपान्यांकडं, बचावाकडं जवळपास नाहीत. भारतीय पलटणींत नवखे जवान भरलेले, कारण अनुभवी माणसं काढून नव्या पलटणी उभ्या केल्या होत्या. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तटबंदी करा म्हणून मुख्य अभियंता ब्रिगेडियर सिमसन मागं लागले होते. त्यानं लोकांचं आणि फौजेचं धैर्य खचेल, असं उत्तर मलायातल्या फौजेचे प्रमुख जनरल पर्सिव्हल यांनी दिल्याचं सिमसन यांनी पुढं लिहून ठेवलं. आणि शेवटी पाणी. फुटलेल्या जलवाहिन्या आणि दहा लाखांच्या आसपास माणसं कोंबलेलं शहर.

मागच्या दारानं कुणी येईल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, असंही नाही. १९३७ साली जनरल डॉबी सिंगापूरला प्रमुख असताना नेमका हाच विचार झाला होता: ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांतही शत्रू मलायात उतरून खाली येऊ शकतो. हा अभ्यास करणारे डॉबींचे हाताखालचे अधिकारी कोण? हेच पर्सिव्हल. याला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही.

म्हणजे तोफांवरचा पैसा पाण्यात?

शब्दशः पाण्यात टाकायलाच होता तो! पण माझं मत वेगळं आहे. जपानी आरमार सिंगापूरच्या बंदरावर चालून आलंच नाही, कारण तिथं या तोफा होत्या. कुलूप लावलेलं दार बघून चोर खिडकीकडं गेला, म्हणून कुलूप निकामी होतं असं कुणी म्हणत नाही. खिडकीला गज नव्हते.

तोफांऐवजी विमानं घ्या, असा आग्रह ब्रिटिश हवाई दलानं १९२० च्या दशकातच धरला होता. टॉर्पेडो टाकणारं विमान मलायाच्या कुठल्याही किनाऱ्यावर जाऊ शकतं, काँक्रीटमध्ये रुजवलेली तोफ जाऊ शकत नाही. युक्तिवाद बरोबर होता. पण १९४१ मध्ये विमानंही धड पुरवली नाहीत, त्यामुळं तोफांऐवजी विमानं असती तर तीही रशियाला आणि आफ्रिकेलाच गेली असती, असं मला वाटतं.

जपान्यांनी सिंगापूरच्या तोफा पॅसिफिकमध्ये तारावा बेटावर नेल्या, असं वाचलंय.

खोटं आहे. तारावावरच्या त्या ८ इंची तोफा व्हिकर्स कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रीतसर जपानला विकलेल्या. सत्तरच्या दशकात त्यांच्यावरचे क्रमांक तपासले तेव्हा हे उघड झालं. आणि मुळात सिंगापुरात ८ इंची किनारी तोफ एकही नव्हती. नसलेली वस्तू पळवणार कशी?

मग इथल्या तोफांचं काय झालं?

ज्यांनी सांभाळल्या त्यांनीच उडवल्या. १२ फेब्रुवारीला चांगीचा भाग सोडायचा हुकूम आला तेव्हा जोहोर बॅटरीच्या तोफा नळीत स्फोटकं भरून फोडल्या. दक्षिणेच्या बॅटऱ्यांचीही पुढच्या दोन-तीन दिवसांत तीच गत झाली. तोफची बंदुका घेऊन पायदळात गेले, मग कैदेत. उरलेलं लोखंड युद्धानंतर भंगारात निघालं. ब्रिटननं तर १९५६ साली आपला किनारी तोफखानाच मोडीत काढला. विमानं आणि क्षेपणास्त्रांपुढं त्याचा काळ संपला होता.

आझाद हिंद सेनेचा याच्याशी काही संबंध?

तोफांशी थेट नाही, त्या पराभवाशी आहे. शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारी १९४२ ला, हजारो भारतीय युद्धकैद्यांना फॅरर पार्कच्या मैदानात गोळा केलं आणि तिथं ब्रिटिशांनी त्यांना जपान्यांच्या हवाली केलं. कॅप्टन मोहनसिंग यांच्या पहिल्या आझाद हिंद फौजेची भरती तिथून सुरू झाली. नेताजी आले ते १९४३ च्या जुलैत.

मराठी माणसासाठी इथं एक नाव आहे: जगन्नाथराव भोसले. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे, रॉयल गढवाल रायफल्समधले अधिकारी. सिंगापूर पडलं तेव्हा तेही युद्धकैदी झाले आणि पुढं आझाद हिंद सेनेत मेजर जनरल झाले. स्वातंत्र्यानंतर रत्नागिरीतून लोकसभेवर गेले, केंद्रात उपमंत्री झाले. कोकणातले पाहुणे आले की फॅरर पार्कवरून जाताना मी गाडी हळू करतो.

आपल्या मुंबईला अशा तोफा होत्या का?

होत्या की. मुंबई बंदरातले मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक हे पाण्यातले चिमुकले किल्ले त्यासाठीच बांधलेले. गेटवेवरून लाँचनं जाताना दिसतात, उतरता येत नाही. घारापुरीला लेणी बघून लोक परत फिरतात. वर टेकडी चढलात तर दोन लांबलचक तोफा आजही आहेत, आणि त्यांच्यावर चढून फोटो काढणारी मुलंही.

अशा तोफांची गरज का वाटायची, याचं उदाहरण मद्रासचं आहे. २२ सप्टेंबर १९१४ ला 'एमडेन' ही एकटी जर्मन युद्धनौका रात्री आली, तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि निसटली. किनाऱ्यावरच्या तोफांनी उत्तर दिलं, पण एकही गोळा तिला लागला नाही. तमिळमध्ये पोचलेल्या, बेरकी माणसाला आजही 'एमडन' म्हणतात.

आज काय काय बघता येतं?

वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर सिलोसो. प्रवेश फुकट, १९७५ पासून संग्रहालय, आणि २०२२ साली १५ फेब्रुवारीलाच त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. उंच पुलावरून झाडांच्या शेंड्यांतून चालत जायचं. लिफ्ट आहे, गुडघेदुखीवाल्यांनी घाबरू नये. तिथल्या सगळ्या तोफा मूळच्या तिथल्या नाहीत, काही इतर ठिकाणांहून आणून मांडल्या आहेत. सेंटोसा म्हणजे मलायमध्ये शांती. हे नाव सत्तरच्या दशकातलं. आधी बेटाचं नाव होतं ब्लाकांग माती, त्यात 'माती' म्हणजे मरण. पर्यटन खात्यानं नाव का बदललं ते सांगायला नको.

जोहोर बॅटरी चांगी विमानतळाजवळ आहे. जमिनीखालची कोठारं विस्मृतीत गेली होती, १९९१ साली तुरुंग खात्याच्या लोकांना पुन्हा सापडली. आता वर तोफेची प्रतिकृती आणि गोळा आहे, बोगद्यांत सोडत नाहीत. सावली कमी, टोपी आणि पाणी घ्या. लॅब्राडोर पार्कला मेट्रोनं जाता येतं आणि समुद्राकाठी डबा खायला ती जागा सगळ्यात छान. वेळ उरला तर क्रांजीची युद्ध स्मशानभूमी. तिथल्या भिंतींवर ज्यांचे देह सापडले नाहीत अशा चोवीस हजारांहून अधिक जणांची नावं कोरली आहेत. भारतीय नावं वाचत निघालात तर भिंत संपत नाही.

मुलं कंटाळतील का?

सिलोसोला नाही. बोगदे आहेत, गोळे उचलायच्या कपी आहेत, हुकूम देणाऱ्या पुतळ्यांचे आवाज आहेत. माझ्या मुलीनं सहाव्या वर्षी ६ इंची तोफेच्या मागच्या उघड्या भोकातून डोळा लावून बघितलं आणि ओरडली, "बाबा, जहाज!" खरंच, नळीच्या पलीकडच्या वाटोळ्या उजेडात एक मालवाहू जहाज हळूहळू सरकत होतं. तेवढ्यात मागं रांग लागली.